साहेबांचा दुप्पट उतार

साहेब निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना साहेबच म्हणायची. एक तर त्यांना ते आवडायचं, आणि दुसरं काही म्हटलं तर ते ओ देत नसत. उभं आयुष्य त्यांनी सांडपाणी खात्यात काढलं होतं. म्हणून त्यांनी कधी सांडपाण्याला हात लावला असेल, अशी शंका कुणी घेऊ नये. त्यांचं काम कागदावरचं. कुठला पाइप किती जाड, कुठून कुठे न्यायचा, त्याला उतार किती द्यायचा, हे ते ठरवायचे आणि खाली सही करायचे. पाइपातून पुढे काय वाहतं, याच्याशी त्यांचा संबंध फक्त तात्त्विक होता.

आणि साहेबांना एक तत्त्व सापडलं होतं. जगभर पाइपाला जेवढा उतार देतात, त्याच्या दुप्पट द्यायला हवा. "पाणी जेवढं जोरात पळेल तेवढी घाण जोरात जाईल. शेंबड्या पोरालाही कळेल," असं ते म्हणत. खात्यात शेंबडी पोरं नसावीत, कारण तिथे ते कुणालाच कळलं नाही. खात्याने दुप्पट उतार फेटाळला आणि साहेबांनी तो स्वतःच्या घरात घातला. तिसऱ्या मजल्यावरचं हे घर घेतल्याबरोबर त्यांनी संडास-बाथरूमची एकत्र खोली फोडून नव्याने बांधून घेतली. उतार दुप्पट बसावा म्हणून तिथली जमीन घरापेक्षा चांगली वीतभर उंच केली. खर्च आणि खोदकाम वाचावं म्हणून बाथरूमच्या जाळीचा पाइपही संडासाच्याच पाइपाला जोडला. तेव्हापासून त्या घरात संडासला जायचं म्हणजे पायरी चढून जायचं, एखाद्या व्यासपीठावर जावं तसं. पाहुणे चढताना जपायचे आणि उतरताना हमखास अडखळायचे.

पण एकतीस वर्षांत तो संडास एकदाही तुंबला नाही. हे साहेबांचं म्हणणं.

त्यांच्या बायकोचं, म्हणजे इमारतीच्या काकूंचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की तो दर दीड-दोन महिन्यांनी तुंबतो, अगदी न चुकता. साहेब ऑफिसला गेले की काकू बाल्कनीत जायच्या, पोछ्याच्या बादलीमागे ठेवलेल्या कापडी पिशवीतून प्लंजर काढायच्या, पदर खोचायच्या आणि वीस मिनिटांत संडास मोकळा करून, फिनेलने फरशी धुऊन, आंघोळ करून कुकर लावायच्या. संध्याकाळी साहेब यायचे तेव्हा उतार आपलं काम चोख बजावत असायचा. एकतीस वर्षांत चार प्लंजर झिजले. रबरी वाटी कडक होऊन तडकते, मग नवा आणावा लागतो. साहेबांच्या उताराबद्दल साहेबांपेक्षा हार्डवेअरवाल्याला जास्त माहिती होती.

साहेबांनी तो प्लंजर पाहिला नव्हता असं नाही. कपडे धुवायचं काहीतरी असेल, असं समजून ते पुढे गेले होते.

काकूंनी सुरुवातीला सांगितलं नाही ते दया येऊन. पुढे सांगितलं नाही ते उशीर झाला म्हणून. आणि निवृत्तीनंतर, साहेब दिवसभर घरी बसू लागले तेव्हा, त्यांना भाजीला पिटाळून काम उरकण्यात काकूंना एक खाजगी मजा यायला लागली होती. जेवायला आलेल्या पाहुण्यांना साहेब सांगायचे, "एकतीस वर्षांत एकदाही नाही!" आणि काकू पाहुण्यांना वाढता वाढता म्हणायच्या, "घ्या ना अजून." हसू येऊ नये म्हणून त्यांना आमटीच्या भांड्यात बघावं लागायचं.

पण हा आठवडा हसण्याचा नव्हता. इमारतीचे जुने पाइप सडले होते. बाराही घरांतली संडास-बाथरूमं फोडून नवीन करायची ठरली होती. बारा म्हणजे अकरा, कारण साहेबांचं घर आदर्श. साहेबांनी रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला होता. त्यात अकरा घरांना दुप्पट उतार, अकरा घरांना पायरी. खात्याने जे केलं नाही ते ही इमारत करणार होती, आणि साहेब महिनाभर तरण्या माणसासारखे जिने चढत-उतरत होते. आज संध्याकाळी पाच वाजता कमिटीची तीन माणसं साहेबांचा संडास बघायला येणार होती. बघून झालं की सह्या.

काकूंना रात्री झोप लागत नव्हती. अकरा घरं. प्रत्येक घरात दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी पदर नाहीतर बाह्या खोचणार, आणि ते कोण हे काकूंना घरनिहाय ठाऊक होतं. त्यांच्या एका गप्प बसण्याची ही वसुली अकरा घरांतून होणार होती. आज बोलायचंच, असं त्या रोज ठरवायच्या. मग नकाशावर वाकलेलं साहेबांचं टक्कल दिसायचं आणि त्या चहा ठेवायला वळायच्या.

त्यात त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. तीन आठवड्यांपूर्वी ओल्या पायाने त्या पायरीवरूनच त्या पडल्या होत्या. साहेब धावत आले आणि त्यांनी आधी पायरी तपासली. पायरीला काही झालं नव्हतं.

साडेतीनला साहेब आत गेले. फ्लशचा आवाज आला आणि पाठोपाठ साहेबांचा.

"अगं ए! इकडे ये!"

आवाजावरूनच काकूंनी ओळखलं. साहेब शर्ट खोचत उभे होते आणि कमोडकडे बघत होते. पाणी काठाला येऊन थांबलं होतं आणि खाली जायचं नाव घेत नव्हतं.

"हे काय आहे?"

"तुंबलाय."

"तुंबू शकत नाही."

"बरं."

"अगं, बरं काय? दुप्पट उतार आहे. शास्त्राप्रमाणे हे शक्यच नाही."

"मग शास्त्राला जरा हाक मारा. दीड तासात मंडळी येतायत."

साहेबांचा चेहरा पडला. प्लंबरला बोलवू का, असं काकूंनी मुद्दाम विचारलं.

"प्लंबर? आज? वेड लागलंय का तुला? तो जिन्यातूनच बोंब मारत येईल!" साहेबांनी डोळे मिटून थोडा विचार केला. खात्यात अशा विचारानंतर लोक वही उघडायचे. "दाब कमी पडलाय. दाब वाढवला की निघेल."

"अहो, फ्लशला हात लावू नका—"

साहेबांनी फ्लश ओढला. पाणी काठ ओलांडून ऐटीत बाहेर आलं. कोपऱ्यातली जाळी ते घ्यायला तयार नव्हती, कारण तिचाही पाइप तोच. मग पाणी उंबऱ्यावरून पायरी उतरून पॅसेजमध्ये पसरलं, पार बुटांच्या स्टँडपर्यंत. तेवढ्या वीतभर अंतरात मात्र उतार चोख चालला.

काकूंनी डाव्या हाताने पिशवी आणली. लाकडी दांडा आणि खाली रबरी वाटी बघून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा कुठून आला?"

"बाल्कनीतून."

"हा कपड्यांचा ना?"

"हो, तुमच्या सदऱ्यांसाठीच आणला होता. धरा आता."

साहेबांनी प्लंजर धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरत होते, हे त्यांच्या अंगठ्यावरून कळत होतं. मग त्यांनी तो सुरू केला, आणि असा सुरू केला की जणू फायलींच्या ढिगावर शिक्के मारतायत. ठप, ठप, ठप. दर ठप्प्याला वाटी पाण्याबाहेर यायची, पुन्हा आपटायची, आणि जे उडायला नको ते उडायचं. चौथ्या ठप्प्याला चष्म्यावर उडालं.

"थांबा!" काकू ओरडल्या. "असं बडवायचं नसतं. वाटी पूर्ण पाण्यात बुडू द्या. आधी थोडी तिरकी करा, आतली हवा निघू द्या. हवा राहिली तर तुम्ही हवाच दाबत बसाल. पहिला दाब हळू. मग वाटी न उचलता दाबा-ओढा, दाबा-ओढा. जोर ओढण्यात लावा."

"ओढण्यात?" साहेब चष्मा पुसायचं सोडून वळले. "घाण पुढे घालवायची आहे की घरात आणायची आहे?"

"आधी ती जागची हलवायची आहे. नुसतं ढकललं की ती आणखी घट्ट बसते."

"याला शास्त्रीय आधार काय?"

काकूंनी दांड्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी आधार नसताना दहा-बारा वेळा दाबलं-ओढलं, आणि कोपऱ्यातल्या जाळीतून बुळुक बुळुक करत काळं पाणी वर आलं. जिथे पाच वाजता कमिटी उभी राहणार होती, नेमकं तिथे.

"बघा," काकू म्हणाल्या. "तुम्ही दोन्ही पाइप एकत्र जोडलेत ना, म्हणून इथला जोर तिथून बाहेर पडतोय. जाळी बंद करावी लागते. ओलं फडकं घडी घालून ठेवा आणि वर पाय देऊन उभे राहा. सगळं वजन टाका. प्लंजर इकडे द्या."

"अगं, तुझा हात—"

"डावा आहे अजून."

मग त्या खोलीत जे दृश्य होतं ते खात्यातल्या कुणी पाहायला हवं होतं. सांडपाण्याचे तज्ज्ञ साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, भिंतीला हात टेकून, एका पायाने फडकं दाबून उभे. आणि काकू प्लास्टरचा हात छातीशी धरून डाव्या हाताने दांडा चालवतायत, तोंडाने मोजत. चौदा, पंधरा, आणि एक जोरदार हिसका. पाइपाने खोल कुठेतरी आवंढा गिळला आणि पाणी गरगरत खाली गेलं.

साहेबांचा चेहरा खुलला. "बघितलंस? एकदा वाट मिळाली की कसं सुसाट गेलं! उतार!"

काकूंनी दांडा भिंतीला टेकवला. त्यांचं मनगट ठणकत होतं, डावा खांदा भरून आला होता, आणि श्रेय उताराला मिळालं होतं. तेवढ्यात साहेबांना उशिरा का होईना, एक प्रश्न पडला.

"पण तुला हे सगळं कसं येतं?"

काकूंनी सांगितलं. दर दीड-दोन महिन्यांनी, एकतीस वर्षं, चार प्लंजर, हा पाचवा. सांगायला एक मिनिटही लागलं नाही. आपण इतकी वर्षं हे एवढंसं पोटात ठेवून होतो याचंच त्यांना नवल वाटलं. उतार जास्त झाला की पाणी एकटंच पुढे पळतं आणि बाकीचं मागे बसून राहतं, हेही त्यांनी सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात आहे ते त्यांना माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं.

साहेब फडक्यावर पाय देऊन तसेच उभे राहिले. काकूंना वाटलं, आता हा माणूस बसेल खाली. त्यांना भीतीही वाटली आणि बरंही वाटलं.

"म्हणजे," साहेब शेवटी म्हणाले, "तू त्यात काहीतरी टाकत असशील."

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. एवढा राग त्यांना पडल्यावर पायरी तपासली तेव्हाही आला नव्हता. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून त्या एवढंच बोलल्या, "पूर्ण निघालेलं नाही. अजून दहा-पंधरा वेळा मारायला हवं."

पण साहेब पॅसेज पुसायला पळाले होते. त्यांच्या हातात पोछा बघण्याची काकूंची ही पहिलीच वेळ. तो त्यांनी उलटा धरला होता.

पाचला पाच कमी असताना कमिटी आली. पुढे सेक्रेटरी, चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. कुठलीही गोष्ट लिहून झाल्याशिवाय ती घडली असं ते मानत नसत. मागे दुसऱ्या मजल्यावरचा पैलवान, जो व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घ्यायचा. शेवटी तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताई. दिवसभर मशिनवर बसून त्यांचे गुडघे गेले होते, आणि घरात अंथरुणाला खिळलेले वडील होते. पायरीकडे बघून ताईंनी एकदा आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. साहेबांसमोर लोक सहसा बोलत नसत.

साहेबांनी नकाशा उलगडला. वीस मिनिटं पाणी, वेग आणि मानवजातीची प्रगती यावर बोलून झाल्यावर ते मंडळींना आत घेऊन गेले. फिनेलचा भपकारा होता. साहेबांच्या पँटची कड अजून ओली होती.

"तर साहेब," सेक्रेटरींनी पेनचं टोपण काढलं, "अहवालात लिहायचंय म्हणून विचारतो. एकतीस वर्षांत एकदाही तुंबला नाही?"

साहेबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"एकदाही नाही," ते म्हणाले.

काकू दाराशी उभ्या होत्या. साडेतीनपर्यंत हा माणूस जे बोलत आला होता ते अज्ञान होतं, आणि अज्ञान काकूंनी एकतीस वर्षं निमूटपणे साफ केलं होतं. हे आत्ताचं मात्र अज्ञान नव्हतं. काकूंची दया जिथे कुठे शिल्लक होती तिथून ती त्या क्षणी उठून गेली.

"तुंबतो," त्या म्हणाल्या. "दर दीड-दोन महिन्यांनी. मी काढते."

सेक्रेटरींचं पेन हवेत थांबलं. पैलवानाने काकूंकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब समजूतदारपणे हसले.

"हिला गोळ्या चालू आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "हाताच्या. दुखण्याच्या गोळ्यांनी जरा..." आणि त्यांनी डोक्याजवळ बोटं हलवली.

"हां हां," सेक्रेटरींनी मान डोलावली. "आमच्या सासूबाईंनाही व्हायचं. घरात बैल शिरलाय म्हणायच्या." आणि त्यांनी लिहिलं. एकदाही नाही.

काकूंना वाटलं, प्लास्टरचा हात घालावा या दोघांच्या टाळक्यात. पण तेवढ्यात पैलवानाने, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, सहज म्हणून फ्लश ओढला.

"बघू तरी कसं सुसाट जातं ते," तो म्हणाला.

पाणी आलं, गरगरलं, आणि जायच्या ऐवजी चढायला लागलं. पाच माणसं कमोडभोवती उभी राहून ते चढताना बघत होती. पाणी काठाच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं तेव्हा सेक्रेटरींनी श्वास सोडला.

"पहिल्यांदाच!" साहेबांचा आवाज चिरकला. "एकतीस वर्षांत आज पहिल्यांदाच! हा निव्वळ योगायोग आहे. सेक्रेटरी, हे लिहू नका."

"द्या, मी काढतो," पैलवानाने बाह्या सरसावल्या. काकूंनी प्लंजर त्याच्या हातात दिला आणि मुद्दाम एक अक्षर सांगितलं नाही. ताकदीचा माणूस होता. त्याने वाटी कमोडात बसवली, पाय रोवले आणि अशी काही दाबली की साऱ्या पाइपात गडगडाट झाला. कोपऱ्यातली जाळी बुळबुळली. काळं पाणी उसळून सेक्रेटरींच्या पायांकडे निघालं.

आणि साहेब हलले. कुणी सांगितलं नाही, कुणी बोलावलं नाही. मघाशी कोपऱ्यात टाकलेलं ओलं फडकं त्यांनी उचललं, दोन घड्या घातल्या, जाळीवर टाकलं, भिंतीला हात टेकवला आणि डावा पाय देऊन, सगळं वजन टाकून उभे राहिले. हे सगळं इतक्या सफाईने झालं की काकूंनाही क्षणभर कौतुक वाटलं.

पाणी थांबलं. पैलवानाने आणखी पाच-सहा दणके दिले, पाइपाने ढेकर दिली आणि कमोड रिकामा झाला. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताई साहेबांच्या पायाकडे बघत होत्या.

"साहेब," ताईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "पहिल्यांदाच तुंबलाय, तर मग तिथे फडकं टाकून पाय द्यायचा असतो हे तुम्हाला कसं माहीत?"

साहेबांनी पायाकडे पाहिलं. तो काढावा तर पाणी येईल अशी त्यांना अजून धास्ती होती, म्हणून तो त्यांनी तिथेच ठेवला.

ताई काकूंकडे वळल्या. "काकू, किती वेळ लागतो हो एका वेळेला?"

"सवय झाली की वीस मिनिटं."

"आणि वाकावं लागतं?"

"लागतं."

"मग मला नको," ताई म्हणाल्या आणि पायरीवरून, भिंतीचा आधार घेत, सांभाळून उतरल्या. पैलवानाने प्लंजर दोन बोटांत धरून काकूंना परत केला. "आमच्या हिला नाही जमायचं," तो म्हणाला. स्वतःचं नाव त्याने घेतलं नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं. सेक्रेटरींनी 'एकदाही नाही' हे शब्द खोडले, त्यावर काय लिहावं ते त्यांना सुचेना, आणि शेवटी ते वही मिटून, बूट दाराबाहेर नेऊन घालून, निघून गेले. पाइप साधाच पडणार, नेहमीच्या उताराचा, हे जिन्यातल्या बोलण्यावरून कळत होतं. नकाशा बेसिनजवळ राहिला होता. त्याचा हिरवा रंग ओलसर होऊन पसरला होता.

साहेब पायरीवर बसले. काकू त्यांच्याकडे न बघता फरशीवर फिनेल ओतत होत्या. आज त्यांना वाईट वाटून घ्यायचंच नव्हतं. अकरा घरं वाचली होती, आणि गोळ्यांचं ते वाक्य त्या मरेपर्यंत विसरणार नव्हत्या. त्यांना हलकं वाटत होतं, पडल्यापासून पहिल्यांदाच.

"पहिल्यांदा कधी?" साहेबांनी विचारलं.

आवाज ऑफिसचा होता, पण त्यातली ऐट गेली होती. खरंच माहिती हवी असलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"पहिल्यांदा कधी तुंबला?"

"चौथ्या दिवशी," काकू म्हणाल्या. "तुम्ही खात्यात उतार पुन्हा मांडायला गेला होतात, त्या दिवशी. मला दुपारभर घाम फुटला होता. शेवटी खालच्या प्लंबरकडून प्लंजर मागून आणला. संध्याकाळी तुम्ही आलात. तिथे तुम्हाला हसून घालवलं होतं. तुमचा चेहरा बघवत नव्हता. अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. मग म्हटलं, आज नको. आधीच एवढं झालंय."

साहेब बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चौथ्या दिवशी," ते म्हणाले. "फरशी सहाव्या दिवशी बसवली."

"मग?"

"चौथ्या दिवशी पाइपावर नुसती वाळू होती गं. कमोड विटांवर टेकवलेला होता. मी गवंड्याला मुद्दाम थांबवलं होतं. म्हटलं, आठवडाभर वापरून बघू, तुंबला तर उतार कमी करू, मग फरशी टाक. त्या दिवशी मला ते हसले, तेव्हा मला वाटलं, खरंच चुकलो असेन. घरी आलो आणि तुला विचारलं, आपला संडास ठीक चाललाय ना."

काकूंचा फिनेलचा हात थांबला. विचारलं होतं. दारात उभं राहून, पायातले बूटही न काढता विचारलं होतं. त्यांना ते दार आठवलं, तो चेहरा आठवला आणि आपलं उत्तरही आठवलं. उत्तम चाललाय, त्या म्हणाल्या होत्या. एकदम उत्तम.

"तू उत्तम म्हणालीस," साहेब म्हणाले. "म्हणून मग मी दोन दिवसांत फरशी टाकून घेतली. नाहीतर उतार कमी करणं अर्ध्या दिवसाचं काम होतं."

काकू बाटली हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना नवऱ्याचा राग आला, सबंध एकतीस वर्षांत आला नव्हता इतका. कारण हा माणूस पाइपांबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलला होता, आणि ते नेमकं त्यांच्यावर येऊन पडलं होतं.